सासूचं बाकी लग्न

"मांडव मागं ठेवू नको, पोरी," शुक्रीने, माझ्या सासूने, मला सांगितलं होतं. सायवनला नांदायला येऊन मला चार दिवस झाले होते. विहिरीवरून येत होतो, तिच्या डोक्यावर दोन हंडे, माझ्या कमरेवर एक, तोही सांडत. "भात पुढल्या साली पण पिकंल. लगीन आधी लावून घे."

मी हसले. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, समाजशास्त्र घेतलं होतं, आपल्या रूढी आपल्यालाच जास्त कळतात अशी माझी समजूत होती. "आय, तुमचं तरी कुठे लागलंय? अठ्ठावीस वर्षं झाली. अडलं का काही?"

ती हंडे न हलवता एका पायावर उभी राहिली, दुसऱ्या पायाच्या टाचेतला काटा उपटला आणि चालायला लागली.

आमच्या पाड्यांवर हे असंच चालतं. मुलगी नांदायला येते, मुलं होतात, शेत होतं, आणि लग्न बाकी राहतं. हातात चार पैसे खेळले की मांडव पडतो, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून लग्न लावते. कधी पहिलं पोर कडेवर असतं, कधी मिसरूड फुटलेलं. बाप आणि मुलगा एकाच मांडवात उभे राहिलेलेही मी पाहिलेत. नियम एकच: आईबापाचं बाकी असेल तर आधी ते उभे राहतात, मग मुलगा. कुणी त्याला हसत नाही. मी तर त्यावर कॉलेजात निबंध लिहिला होता, सरांनी वाचून दाखवला होता.

सात वर्षांनी मला त्या निबंधाची लाज वाटली. माझा नवरा मनिष उंबरगावच्या कंपनीत लागला, तिथेच खोली घेतली, मग त्या खोलीत दुसरी कुणी राहायला आली. मी हर्षदाला घेऊन तलासरीला माहेरी आले. दिवाळीपासून तिथेच. हर्षू सहा वर्षांची, पहिलीत. आणि होळी झाली तशी सासऱ्यांचा, लाहूमामांचा, निरोप आला: मनिषचं त्या मुलीशी लग्न ठरलंय, बुधवारी बैठक, फारकत करून टाकू आणि पोरीचं बघू.

पोरीचं बघू.

"ताई, दहा माणसं घेऊन जाऊ," माझा धाकटा भाऊ दिपक म्हणाला. तो हायवेवर इको गाडी चालवतो, त्याला प्रत्येक गोष्ट ओव्हरटेक करायची असते. "पोरीला हात तर लावू दे."

"आधी डहाणूला चल," मी म्हटलं. "कोर्टात."

*

कोर्टाच्या आवारात विधी सेवेची एक खोली आहे. बाईमाणसाला आणि आदिवासीला तिथे वकील फुकट मिळतो हे मला बचतगटातल्या बाईने सांगितलं होतं. माझ्या दोन्ही अर्हता पूर्ण होत्या. वकील सरितामॅडम माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठ्या असतील. आमच्या आधी एक गृहस्थ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, हातात फायलींची चळत.

"मॅडम, सरळ दिवाळं जाहीर केलं, नादारीचा अर्ज टाकला, तर बायकोची पोटगी माफ होते ना?"

"नाही होत."

"सगळी देणी सुटतात म्हणे."

"बँकेचं काय ते कोर्ट बघेल. बायकापोरांचं सुटत नाही. देव आला तरी नाही."

दिपकने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मग मॅडमनी मला विचारलं, "लग्न कधी झालं?"

"बाकी आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. "सहा वर्षं एकत्र?"

"सहा वर्षं आणि काही महिने."

"हे बघा योगिता. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागत नाही. तुमचं लग्न रूढीने, फारकतही रूढीने. फक्त ती रूढी आहे, आणि त्याप्रमाणे झालं, हे पुराव्याने दाखवावं लागतं. तुमचं प्रकरण मधल्यामध्ये अडकलंय. लग्न झालं होतं की नव्हतं यावरच ते भांडतील."

"आणि पोरगी?"

"ती त्यात अडकत नाही." त्या पुढे झुकल्या. "तिच्यासाठी वेगळा कायदा. अठराशे नव्वदचा, पालकत्वाचा. त्यात कोर्ट मुख्य बघतं ते मुलीचं भलं. शाळा कुठे, जेवण कोण घालतं, आजारी पडली तर कोण जागतं. तुमचं लग्न लागलं नाही म्हणून बापाकडून मिळायचा तिचा खर्चही बुडत नाही."

"मला कागदावर सही करायला लावली तर? पोर देते म्हणून?"

"पोर म्हणजे काय म्हैस आहे लिहून द्यायला? असल्या कागदाने कोर्ट बांधलं जात नाही. पण..." त्यांनी पेन परत उचललं. "पोर एकदा तिकडे गेली, वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, तिथल्या शाळेत रुळली, की कोर्टच म्हणतं, आता कशाला हलवायची. तेव्हा कागदाला भिऊ नका. पोर हातची सोडू नका. बैठकीला तिला नेऊच नका."

"आणि बैठकीत चांगलं ठरलं तर?"

"लिहून आणा. दोघांच्या संमतीने कोर्टात देऊ, कोर्टाचा आदेश झाला की मग तो पक्का. तोवर नुसता कागद."

बाहेर आल्यावर दिपक म्हणाला, "ताई, या बाईला इकोत घालून सायवनलाच नेऊया."

बुधवारी सकाळी मी हर्षूला शाळेत सोडलं आणि बाईंना दोनदा सांगितलं, मी किंवा आई आल्याशिवाय कुणालाही देऊ नका. गाडीत बसल्यावर परत उतरून तिसऱ्यांदा सांगून आले.

*

उधव्यावरून सायवनला पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. भिंतीला मांडवाचे खांब टेकवून ठेवले होते, ताजे, साल काढलेले. आठ दिवसांवर लग्न होतं. आंब्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत चैत्याकाका बसले होते, पाड्याचे जाणते. बाकी पुरुष खाटांवर, बायका ओट्याला टेकून. मनिष कोपऱ्यात, नवीन बूट घालून. माझ्याकडे बघितलं आणि बुटांकडे बघायला लागला.

"पोरीला आणलं नाय?" लाहूमामा.

"शाळा आहे तिची."

"एक दिस शाळा बुडाली तर काय कलेक्टर व्हायची राहील?"

"राहील की," दिपक म्हणाला. दोन-तीन बायका फसकन हसल्या.

लाहूमामांचं मन मला आज कळतं, त्या दिवशी कळलं नव्हतं. त्यांना ही बैठक दुपारच्या आत संपवायची होती. पोर त्यांना हवी होती ती माझ्यावर सूड म्हणून नव्हे. महालक्ष्मीच्या जत्रेत तिला खांद्यावर बसवून त्यांनी चार वर्षं फिरवलं होतं, आणि आपल्या कुळाचं पोर तलासरीत मामाच्या दारात वाढणार हे त्यांना सहन होत नव्हतं. शिवाय, मनिषने मला पुढे सांगितलं, कणगीत त्यांनी एक पिवळं लुगडं लपवलं होतं. शुक्रीसाठी. डहाणूच्या बाजारातून स्वतः निवडून आणलेलं. मुलाच्या आधी आपण उभं राहायचं, पस्तीस वर्षांचं राहून गेलेलं उरकायचं. घाई त्यांना त्याचीही होती.

त्यांनी खिशातून स्टॅम्प पेपर काढला, टाइप करून आणलेला. "वाच, योगिता. तू शिकलेली. मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे."

मी वाचलं. "'लिहून देणार योगिता हिचे मनिष याच्याशी कोणत्याही प्रकारे लग्न झालेले नाही. सबब ती त्याची बायको नसून तिचा त्याच्यावर व घरावर कोणताही हक्क नाही. मुलगी हर्षदा ही वडिलांच्या कुळाची असल्याने आजपासून वडिलांच्या ताब्यात राहील.'"

शेवटची ओळ वाचून मी कागद खाली घेतला.

"कर सही," लाहूमामा म्हणाले.

"परत वाच," ओट्यावरून आवाज आला.

शुक्री होती. चहाची किटली हातात घेऊन उभी.

"काय परत?" लाहूमामा.

"मला वाचता येत नाय म्हणून सांगत्ये. पहिली ओळ परत वाच, योगे."

मी वाचली. लग्न झालेले नाही, सबब बायको नाही.

शुक्रीने किटली खाली ठेवली. तिच्याबद्दल एक सांगायला हवं. लग्नघरात भिंतीवर वाटलेल्या तांदळाने देवीचा चौक काढायचा तो लग्न लागलेल्या सवाशिणींनी. शुक्रीचा हात पाड्यात सगळ्यांत सफाईदार. पण तिचं बाकी. तेव्हा दर लग्नात तिने तांदूळ वाटायचे, वाटी दारातून आत द्यायची, आणि बाहेर उभं राहून दुसरीच्या वाकड्या रेघा बघायच्या. पस्तीस वर्षं. या आठवड्यात तिचं लग्न लागणार होतं, आणि पुढच्या लग्नाला ती आत बसणार होती. ओट्यावर उभी असताना तिच्या मनात तेच होतं, असं तिने मला निघताना सांगितलं. "बोलू का नको, बोलू का नको. बोलले तर वाटी परत बाहेरच."

ती बोलली.

"लगीन नाय तर बायको नाय. असंच ना चैत्या?"

"कागद तसं म्हणतो," चैत्याकाका म्हणाले.

"मग मी कोण?"

एक कोंबडी खाटेखालून ओरडत गेली.

"डोकरे, तुझा काय संबंध?" लाहूमामा.

"माझाच तर हाय. माझं लगीन लागलंय का? नाय. मग मी या घरात पस्तीस वर्षं पाहुणी आले का? भात कुणी लावला? आणि हा मनिष..." तिने बोट केलं तशी सगळ्यांची तोंडं कोपऱ्याकडे वळली. मनिषने एक बूट दुसऱ्या बुटामागे लपवला. "याला जन्म दिला तवा माझं लगीन नव्हतं. मग हा कुणाचा? माझा एकलीचा! याचं कूळ लाहूचं नाय. मग हा कुठल्या देवापुढे मांडव घालतो? माझ्या भावाच्या दारात घाल म्हणावं!"

ओट्यावर हशा फुटला. असं हसू मी बैठकीत कधी ऐकलं नव्हतं.

"बराबर हाय!" एक म्हातारी ओरडली. "माझं पण बाकीच हाय. मग माझे पाच पोर कुणाचे?"

"माझं पण बाकी!"

"आमचं बी. दोन म्हशी इकल्या तरी बाकी."

"ए चैत्या," शुक्री म्हणाली, "तुझं झालंय का रे?"

चैत्याकाकांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "यंदा करणार होतो," ते म्हणाले.

आता पुरुषही हसायला लागले. दिपक तर खाटेवरून खाली सरकला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हसण्याचं की कशाचं मला सांगता येणार नाही. दहा मिनिटांपूर्वी या अंगणात माझ्या बाजूने एक दिपक होता. आता अख्खा ओटा माझा झाला होता, आणि खाटांवरचे लोक एकमेकांना विचारत होते, तुझं झालंय ना रे?

मनिषने मला फोनवर नंतर सांगितलं की त्या क्षणी त्याला जमिनीत जावंसं वाटत होतं, आणि तरी आतून कुठेतरी मोकळंही. पोर मागायला त्याच्या मनाने कधी होकार दिलाच नव्हता. उंबरगावच्या खोलीत दोघं कामाला जाणार, हर्षूला बघणार कोण, याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. पण बापासमोर त्याला तोंड नव्हतं.

"हा कागद राहील तर मी मांडवात उभी राहणार नाय," शुक्री म्हणाली. "आणि मी उभी नाय राहिले तर याचं पण लागत नाय. बघा काय ते."

लाहूमामा उठले, बसले. स्टॅम्प पेपर घडी करून खिशात घातला. खिसा चुकला, कागद खाली पडला, कुणी उचलला नाही.

चैत्याकाका खाकरले. "योगिता, दुसरा लिही. तुझ्या हातानं."

मी दिपकच्या गाडीतून हर्षूची जुनी वही आणली आणि मांडी घालून बसले. परीक्षेतही माझं अक्षर इतकं सरळ आलं नसेल. हर्षदा आईजवळ राहील. शाळा तलासरीत. बाप महिन्यातून दोन रविवार भेटेल, सुट्टीत आठ दिवस सायवनला नेईल, सांगितल्या दिवशी परत आणून सोडेल. खर्चाचा वाटा देईल. नाव बापाचंच राहील. आम्ही दोघं राजीखुशीने वेगळे. हे दोघंही कोर्टात जाऊन सांगू.

"दोन रविवार नक्की देशील?" मनिषने विचारलं. त्या दिवशी तो माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"तू आलास तर नक्की."

त्याने सही केली. चैत्याकाकांनी अंगठा दिला. लाहूमामांनी पण दिला, दुसरीकडे बघत. बायकांनी गलका केला, कुणी गूळ आणला, दिपकने चैत्याकाकांना उचलून घेतलं. मी कागद छातीशी धरून उभी होते आणि शाळा सुटायला किती वेळ आहे याचा हिशेब करत होते.

आणि माझी सवय आहे, आनंदातही दाराकडे बघायची. म्हणून मला दिसलं. लाहूमामा चैत्याकाकांच्या कानाशी वाकले होते, आणि शुक्री त्यांच्या मागे चहा घेऊन उभी होती. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. तिला आलं. *आज होऊ दे यांच्या मनासारखं. मांडव उरकला की पोरीला जत्रेला म्हणून आणू, मग कोण परत नेतो बघू.*

तिने दोघांना चहा दिला. मग अंगणाच्या मधोमध आली.

"योगे, त्या वकीलबाईनं काय सांगितलं? हा कागद पक्का का?"

"कोर्टाचा आदेश झाला की पक्का, आय."

"मग त्याच्यावर कोर्टाचा शिक्का आण. शिक्का आला की मी उभी राहीन. तोवर नाय."

"अगं पण कोर्टाला महिना, दोन महिने..." चैत्याकाका.

"पस्तीस वर्षं थांबले. दोन महिने काय?"

"आठ दिवसांवर मांडव आहे!" लाहूमामांचा आवाज चढला. "मुलीवाल्यांना काय सांगू?"

"मगाशी कानात जे सांगितलंस ना," शुक्री म्हणाली, "ते सांग."

आता कुणी हसलं नाही. लाहूमामांचा चेहरा मला अजून दिसतो. राग होता, पण रागाखाली पकडल्या गेलेल्या माणसाची कासाविशी. "मग चूल पण वेगळी कर," ते म्हणाले. "या घरात तुझं लागलेलं नाय ना काही? मग जा."

गाडीपर्यंत चालताना तिने मला ते कानातलं आणि मनातलं भराभर सांगितलं, मग मला आणि दिपकला गाडीत बसवलं. "जा. शाळा सुटंल," म्हणाली. मी तिचा हात धरून ओढला, चल आमच्याबरोबर म्हटलं. तिने माझी बोटं एकेक करून सोडवली. "मी गेले तर म्हणतील डोकरी पळाली, आता लावा मांडव. मी इथंच पायजे."

हर्षू शाळेच्या फाटकात उभी होती. मी तिला उचलून इतकी गोल फिरवली की तिचं दप्तर लांब उडालं. सरितामॅडमनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हा मसुदा कुणी केला? माझ्याकडे कामाला या." अर्ज दाखल झाला. तारीख लागली आहे, पुढच्या महिन्याची. दोघांनी उभं राहून हो म्हणायचं. मनिष येतो म्हणाला आहे. मी जिंकत आले आहे. असं लिहितानाही मी लाकडाला हात लावते.

पण मांडव मोडला. मुलीवाले पुढच्या वर्षावर गेले. शुक्री तेव्हापासून शेतातल्या छपरात एकटी राहते, एवढं कळलं. दिपक एकदा तिला बघायला गेला तर लाहूमामांच्या भावांनी विहिरीवरूनच परत पाठवला. मॅडमनी मला बजावलंय, तारखेपर्यंत सायवनला पाऊल टाकायचं नाही, तिथे शब्दाला शब्द वाढला तर सगळं उलटं होईल. तिच्याजवळ फोन नाही. मनिषला विचारलं तर म्हणतो, असेल बरी.

म्हणून तुम्हाला सांगते. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी कासा-उधवा रस्त्याने जाणारं असेल, तर सायवनला उतरा. शाळेच्या मागून पायवाट जाते, दोन पळस ओलांडले की शेत, शेताच्या वरच्या अंगाला छप्पर. माझं नाव घेऊ नका, पाणी मागा. देईल ती. तारीख लागली, हे तेवढं तिच्या कानावर घाला. आणि जेवलीस का म्हणून विचारा. हो म्हणेल, ती नेहमी हो म्हणते. तुम्ही वाकून चुलीला हात लावून बघा.